निवडक विद्यापीठांतील प्रवेश आणि सीमेवरचा विद्यार्थी

सातपुड्याच्या रांगा आणि तापीचे खोरे यांच्यामध्ये वसलेले बऱ्हाणपूर इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. पूर्व निमाड अर्थात खंडवा जिल्ह्यातून वेगळा होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी अस्तित्वात आला. शहरात यंत्रमागाचा धंदा, नदीकाठच्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा, नेपानगरास वृत्तपत्रीय कागदाचा कारखाना आणि खकनारकडील डोंगराळ भागात आदिवासी वस्ती, असे या जिल्ह्याचे स्वरूप आहे. येथील बाजारात हिंदी, निमाडी, मराठी, खानदेशी व उर्दू या भाषा एकाच वेळी कानी पडतात. पलीकडे जळगाव जिल्ह्यातील रावेर व मुक्ताईनगर हे तालुके लागूनच असल्यामुळे सोयरीक, शेतमाल आणि शिक्षण या तिन्ही बाबतींत सीमेवरून ये-जा अखंड चालू असते.

अशा जिल्ह्यातील मुलास किंवा मुलीस भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच आय.आय.टी.त, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तत्सम निवडक संस्थेत प्रवेश मिळण्यासाठी काय लागते, असा प्रश्न पालकसभांतून नेहमी विचारला जातो. ‘भरपूर अभ्यास’ हे त्याचे ठरलेले उत्तर होय. ते खरे असले तरी अपुरे आहे. अभ्यास विद्यार्थ्याने करावयाचा असतो. परंतु त्याने कोणत्या शाळेत शिकावे, कोणत्या माध्यमातून शिकावे, बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण व्हावी आणि कोणती प्रमाणपत्रे केव्हा काढून ठेवावीत, हे निर्णय वडीलधारी मंडळी घेतात व तेही परीक्षेच्या कितीतरी वर्षे आधी. सीमेवरील जिल्ह्यात या निर्णयांचे वजन इतर ठिकाणांपेक्षा अधिक असते.

दार किती अरुंद आहे?

२०२४ साली जेईई मेन या परीक्षेस चौदा लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतून जेईई ॲडव्हान्स्ड या पुढील परीक्षेचे दोन्ही पेपर १,८०,२०० विद्यार्थ्यांनी दिले आणि देशातील सर्व २३ आय.आय.टी. मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे पहिल्या पायरीवर उभ्या राहिलेल्या सुमारे ऐंशी विद्यार्थ्यांत एकास जागा. वैद्यकीय शिक्षणासाठीच्या नीट परीक्षेस त्याच वर्षी तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एम.बी.बी.एस.च्या शासकीय व खाजगी मिळून जागा एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क विणकर किंवा अल्पभूधारक कुटुंबाच्या आवाक्यातील नाही; त्यामुळे या कुटुंबांपुरती खरी स्पर्धा शासकीय जागांचीच राहते.

हे आकडे मुलांना घाबरविण्यासाठी नाहीत. इतक्या दाट गर्दीत दोन-चार गुणांनी हजारो क्रमांकांचा फरक पडतो आणि म्हणूनच राखीव जागा, राज्याचा कोटा व शुल्कसवलत यांसंबंधीचा एखादा नियम माहीत असणे वा नसणे हे निर्णायक ठरू शकते, एवढे त्यांवरून ध्यानी घ्यावे.

पाचवी, आठवी आणि दहावी

मार्गाची सुरुवात पाचवीतच होते. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ साली सुरू झाली. पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे निघाली. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत शिकणाऱ्या मुलांची निवड-परीक्षा घेतली जाते. विद्यार्थी त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावा लागतो, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि ही परीक्षा एकदाच देता येते. राहणे, जेवण, पुस्तके यांचा भार शासन उचलते. पाचवीतील मूल मामाच्या गावी म्हणून सीमेपलीकडच्या शाळेत घातले, तर बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या जागेवरचा त्याचा हक्क त्या वर्षी राहत नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही.

या पायरीचे मोल जाणण्यासाठी खानदेशातील एक उदाहरण पुरेसे आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या सामोडे या गावचे भिल्ल समाजातील राजेंद्र भारूड गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकले. तेथून त्यांची निवड अक्कलकुवा येथील नवोदय विद्यालयात झाली. पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते एम.बी.बी.एस. झाले आणि नंतर भारतीय प्रशासन सेवेत येऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांच्या बुद्धीविषयी व कष्टाविषयी शंका नाही. तथापि पाचवीतील एका अर्जाने त्या बुद्धीस सात वर्षांची स्थिर शाळा मिळाली, हेही तितकेच खरे.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या शासकीय व अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मध्यप्रदेशात जिल्हास्थानी असलेल्या शासकीय उत्कृष्ट विद्यालयांत नववीला परीक्षेद्वारा प्रवेश दिला जातो. दहावीनंतर गणित की जीवशास्त्र हा निर्णय येतो. गणित सोडले तर आय.आय.टी.चा मार्ग बंद होतो आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय मार्ग दुरावतो. हा निर्णय मित्रांच्या किंवा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने एका दुपारी घेण्याचा नव्हे. शिक्षकांनी नववी-दहावीच्या दोन वर्षांतील वह्या समोर ठेवून पालकांशी बोलावे.

घरची भाषा, शाळेची भाषा, परीक्षेची भाषा

बऱ्हाणपुरातील अनेक मुले घरी मराठी किंवा खानदेशी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि बारावीनंतर त्यांना इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात. मुलांस तीन भाषा येणे ही संपत्तीच आहे. पण विज्ञानाच्या परिभाषेत ती एखादे वेळी सापळा होते. हिंदी पाठ्यपुस्तकात ‘परमाणु’ म्हणजे ॲटम आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि मॉलिक्यूलला ‘रेणू’ म्हणतात. एकच शब्द दोन पुस्तकांत दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो! हिंदीतील ‘द्रव्यमान’ ते मराठीतील ‘वस्तुमान’, ‘घनत्व’ ती ‘घनता’, ‘कोशिका’ ती ‘पेशी’, ‘ऊतक’ ती ‘ऊती’. जळगावकडील शिकवणीत मराठी टिपणे उतरवून घेणारा आणि शाळेत हिंदी पुस्तक वाचणारा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात अडखळतो. त्याला विषय येत नाही असा शेरा मग त्याच्यावर बसतो. शिक्षकांनी वर्गाच्या भिंतीवर हिंदी, मराठी व इंग्रजी अशा तीन रकान्यांत शंभरेक शब्दांचा तक्ता लावला, तर हा घोटाळा एका महिन्यात नाहीसा होण्यासारखा आहे. खर्च एका मोठ्या कागदाचा.

परीक्षेची भाषा निवडतानाही विचार हवा. नीट परीक्षा २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येऊ लागली. परंतु या परीक्षांच्या माहितीपुस्तिकांनुसार मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते; हिंदी व इंग्रजी मात्र देशभर मिळतात. म्हणजे बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याने मराठी निवडली, तर त्याला केंद्र महाराष्ट्रातीलच घ्यावे लागते. भुसावळमार्गे रेल्वेने हे अवघड नाही. मात्र आदल्या दिवशी मुक्कामाची व्यवस्था करावी लागते आणि मुख्य म्हणजे ही गोष्ट अर्ज भरतानाच माहीत असावी लागते. प्रादेशिक भाषेच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूर सोबत असतो आणि भाषांतराबाबत संदेह उत्पन्न झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा मात्र केवळ हिंदी व इंग्रजीत होते. तेव्हा आय.आय.टी.चे ध्येय ठेवणाऱ्याने पहिल्या पायरीला मराठी आणि दुसऱ्या पायरीला हिंदी अशी अदलाबदल करण्यापेक्षा अकरावीपासून एकच भाषा धरावी, हे बरे.

मध्यप्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीतून प्रकाशित केली. त्यामुळे हिंदी माध्यमाच्या मुलांना पहिल्या वर्षी काहीसा आधार मिळाला आहे. तरीही वैद्यकातील संशोधन व संदर्भग्रंथ इंग्रजीतच आहेत. रोज एक पान इंग्रजी विज्ञान वाचण्याची सवय नववीपासून लावणे हा त्यावरील साधा उपाय होय.

बारावी कोणत्या राज्यातून?

या जिल्ह्यातील पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग हा आहे. दहावी बऱ्हाणपुरात झाली की चांगल्या शिकवणीसाठी मुलास जळगावी पाठवावयाचे आणि नाव तेथील कनिष्ठ महाविद्यालयात घालावयाचे, असा प्रकार आढळतो. त्याचे परिणाम प्रत्येक क्षेत्रात वेगवेगळे होतात.

आय.आय.टी.स राज्याचा कोटा नाही. तेथे या बदलाने काही बिघडत नाही. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत, म्हणजे एन.आय.टी.मध्ये, निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि ‘राज्य’ कोणते हे जन्मगावावरून ठरत नसून बारावीची परीक्षा जेथून दिली त्यावरून ठरते. बऱ्हाणपुरातून बारावी झालेला विद्यार्थी भोपाळच्या मौलाना आझाद संस्थेत राज्यातला ठरतो. जळगावातून बारावी झालेला त्याचाच सख्खा भाऊ नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत राज्यातला ठरतो आणि भोपाळात बाहेरचा.

वैद्यकीय प्रवेशाचे गणित याहून निराळे आहे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात व त्यांना राज्याची अट नाही. उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी प्रत्येक राज्याचे नियम स्वतंत्र आहेत. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. दहावी बऱ्हाणपूरची आणि बारावी जळगावची असा विद्यार्थी त्या अटीत बसत नाही. सीमाभागासाठी महाराष्ट्रात एक सवलत आहे, हे ऐकून काही पालक आशा धरतात. ती सवलत महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील गावांसाठी आहे. बऱ्हाणपूरचा तिच्याशी संबंध नाही.

मध्यप्रदेशाच्या जागांसाठी मूल निवासी प्रमाणपत्र लागते. याखेरीज २०२३ पासून या राज्यात शासकीय शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय जागांपैकी ५ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. सहावी ते बारावी शासकीय शाळेतच शिकलेले असणे ही त्यातील प्रमुख अट होय. या जागांच्या वाटपाविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल वर्गातील जे विद्यार्थी गुणांच्या बळावर शासकीय शाळांसाठीच्या खुल्या जागेस पात्र ठरतात, त्यांना त्या जागेवर प्रवेश नाकारता येणार नाही. खकनारच्या शासकीय शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व फार मोठे आहे. तिला अकरावीत सीमेपार नेले की ही संधी हातची जाते. त्याचप्रमाणे २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना. तीत मध्यप्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या बारावीत ८५ टक्के गुणांची अट ठेवण्यात आली. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीचा या अटीत उल्लेख नाही.

मूल जळगावला शिकवणीस जाऊ नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शाळेतील नाव कोठे ठेवावयाचे आणि शिकवणी कोठे लावावयाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, इतकेच. मात्र पटावर एका शाळेत नाव आणि प्रत्यक्षात वर्षभर दुसऱ्या गावी वास्तव्य, ही प्रथा हजेरीच्या नियमांत बसत नाही व प्रयोगशाळेतील शिक्षणाची हानी करते. दोन राज्यांत रहिवासाचा लाभ एकाच वेळी मागणेही प्रवेश रद्द होण्यास कारण होऊ शकते.

प्रश्नपत्रिकेपुढील तीन तास

येथे एकाच गैरसमजाचा विचार पुरेसा आहे. चूक उत्तरास एक गुण वजा होतो म्हणून खात्री नसलेला प्रश्न मुळीच सोडवू नये, असे मुलांना सांगितले जाते. हिशेब करून पाहावा. चार पर्यायांच्या प्रश्नास बरोबर उत्तराचे चार गुण आणि चुकीचा एक गुण वजा. वीस प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरीने पाच बरोबर येतील, पंधरा चुकतील. २० अधिक, १५ वजा, हाती ५. इतक्या अल्प लाभासाठी जोखीम घेण्यात अर्थ नाही. परंतु विचारान्ती दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले, तर वीसपैकी सरासरी दहा बरोबर. ४० अधिक, १० वजा, हाती ३०. तेव्हा प्रश्न अर्धा कळला असेल तर सोडू नये आणि मुळीच कळला नसेल तर त्यात वेळ घालवू नये. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब संभाव्यतेच्या पाठातच मुलांकडून करवून घ्यावा.

शिकवणीबद्दल एवढेच की, ती लावल्याने प्रवेश मिळतो असे नाही आणि न लावल्याने अडतो असेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पुस्तके मोफत उपलब्ध आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालय व आय.आय.टी. कानपूर यांनी ‘साथी’ या नावाने विनाशुल्क तयारीची सोय केली आहे. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ साली घडलेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हळहळला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी-संस्थांनी प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शेत गहाण टाकून मुलास दूरगावी पाठविणाऱ्या पालकांनी त्याच्या खांद्यावर कर्जाचेही ओझे ठेवले आहे काय, याचा विचार करावा.

कागदपत्रे आणि शेवटची तारीख

जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलास आय.आय.टी. धनबाद येथे जागा मिळाली. जागा स्वीकारण्यासाठी १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरावयाचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदत टळली व जागा गेली. जेईई ॲडव्हान्स्ड केवळ दोन वेळा, तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते. त्या मुलाची ती शेवटची संधी होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात त्यास प्रवेश देण्याचा आदेश दिला. सर्वांनाच दिल्लीपर्यंत दाद मागता येत नाही. ग्रामपंचायतीने किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वीस-पंचवीस हजारांचा एक परतफेडीचा निधी जूनपूर्वी बाजूस काढून ठेवला, तर असा प्रसंग गावापुरता टळतो.

शुल्काची धास्तीही बहुधा अज्ञानातून येते. आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. इतरांपैकी ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्यांनाही ते माफ असते आणि एक ते पाच लाख उत्पन्न असणाऱ्यांस दोन-तृतीयांश सूट मिळते. मुलींसाठी २०१८ पासून जादा जागा निर्माण करण्यात आल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या ज्या मुलांचे गुण थोडक्यात कमी पडतात, त्यांच्यासाठी एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाची सोय आहे.

हे सर्व लाभ प्रमाणपत्रांवर अवलंबून आहेत. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातील लागते व जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत नाव आहे एवढ्याने भागत नाही. जेईई ॲडव्हान्स्डच्या नियमांप्रमाणे हे प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल वर्गाचे प्रमाणपत्र त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतर दिलेले असावे लागते. मागील वर्षीचे प्रमाणपत्र जपून ठेवलेला विद्यार्थी त्यामुळे अडचणीत येतो. महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांनी मूळ राज्यातील वडिलांची कागदपत्रे अगोदर मागवून ठेवावीत. केंद्रीय संस्थांत मूळ राज्याच्या अनुसूचीप्रमाणे लाभ घेता येतो. स्थलांतर करून आलेल्या राज्याच्या जागांवर तो सामान्यतः मिळत नाही. आधार पत्रातील, दहावीच्या गुणपत्रिकेतील आणि जातीच्या दाखल्यातील नावाचे स्पेलिंग एकच आहे की नाही, हेही नववीत नाव नोंदवितानाच मुख्याध्यापकांनी तपासावे. मराठी आडनावांचे हिंदी कार्यालयांत जे विविध अवतार होतात, ते येथे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

जागा-वाटपाच्या वेळी पसंतीक्रम भरावा लागतो. तो गुणांच्या अंदाजाने आखडता न घेता मनातील खऱ्या आवडीच्या क्रमाने आणि शक्य तितका लांब भरावा. वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. लोकसेवा केंद्रातील किंवा संगणकाच्या दुकानातील इसमावर हे काम सोपवून पालकांनी निघून जाऊ नये. विद्यार्थ्याने स्वतः शेजारी बसावे, भरलेल्या यादीची छापील प्रत घ्यावी आणि परवलीचा शब्द आपल्या वहीत लिहून ठेवावा.